दोन लार्क

"ती माझी जागा आहे."

मी रेमीशी बोललेलं पहिलं वाक्य हे. गोड नाही, लाजरं नाही... नाकावर राग घेऊन फिरणाऱ्या मुलीचं सरळसोट वाक्य. मार्च महिना, डनमोर गावचा टाउन हॉल. बाहेर बर्फ वितळून रस्त्यांचा घोट्याएवढा चिखल झालेला, आणि आत लाकडी जमिनीवर समोरासमोर लागलेल्या दोन लांब रांगा. व्हायोलिनवाला सूर जुळवत होता. मला जोडीदार नव्हता, त्यालाही नव्हता. दोघांनी एकदमच हात पुढे केले, पळत पळत रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहिलो, आणि बघतो तर दोघंही डावीकडेच घुसतोय.

"तुझी जागा?" तो म्हणाला. "नाव लिहिलंय का कुठं?"

"मी लार्क नाचते."

"अरे वा! मीपण लार्कच नाचतो."

आमच्या कॉन्ट्रा नाचात प्रत्येक जोडीत एक लार्क आणि एक रॉबिन. लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे, एवढाच काय तो फरक. पूर्वी त्यांनाच जेंट्स आणि लेडीज म्हणायचे, अजूनही कितीतरी गावांत म्हणतात. पण हल्ली मैत्रिणी मैत्रिणींबरोबर नाचतात, आजोबा नातवाबरोबर नाचतात, कोण कुठं उभं राहील याचा नेम नाही. म्हणून ही पाखरांची नावं आली. मला ती पहिल्यापासून आवडली, कारण मला डावीकडे उभं राहायला आवडतं आणि "तू मुलगी ना, मग तिकडे जा" हे ऐकायला आवडत नाही.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. उंच होता, कानांवर कुरळे केस आलेले, आणि फ्लॅनेलच्या शर्टाला लाकडाच्या धुराचा आणि काहीतरी गोड उकळल्याचा वास.

"बरं बाई," तो खांदे उडवून म्हणाला. "हो तू लार्क. थोड्या वेळानं रॉबिन होशीलच."

"मी? अजिबात नाही!"

"बघू की..."

आणि तो हसत उजवीकडे सरकला. तेवढ्यात मंचावरच्या बाईंनी मायक्रोफोन हातात घेतला. त्या दुसऱ्या राज्यातून आलेल्या पाहुण्या होत्या, त्या दिवशीचे नाच पुकारायला बोलावलेल्या. नाचणाऱ्यांनी आता काय करायचं ते संगीताच्या जरा आधी सांगत राहायचं, याला पुकारणं म्हणतात. त्या म्हणाल्या, "हा नाच जरा खोडकर आहे. यात दर फेरीला लार्कचा रॉबिन होतो आणि रॉबिनचा लार्क."

हॉलमध्ये हशा पिकला. मी रेमीकडे डोळे वटारून बघितलं. तो छताकडे बघत होता.

मग व्हायोलिन सुरू झालं.

कॉन्ट्रात दर फेरीला समोरची जोडी बदलते, आपला जोडीदार मात्र शेवटपर्यंत तोच. आणि प्रत्येक फेरीत एकदा तरी जोडीदाराबरोबर गिरकी असते. कमरेत हात, खांद्यावर हात, दोघांनीही थोडं मागे रेलायचं, एकमेकांना आपलं वजन द्यायचं आणि गरगर फिरायचं. चक्कर येऊ नये म्हणून जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं असतं. हा नियमच आहे, यात चावटपणा काही नाही. मी गावच्या दातांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत बघितलंय, पोस्टमास्तरांच्या बघितलंय, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्याही बघितलंय. आजवर एकदाही काही झालं नव्हतं.

रेमीचे डोळे ओल्या पाटीच्या रंगाचे होते. चक्कर आली नाही... पण दुसरं काहीतरी आलं खरं.

शेवटच्या वॉल्ट्झच्या, म्हणजे जोडीनं करायच्या संथ नाचाच्या, आधी मी वळून बघितलं, तर तो दारापाशी बूट चढवत होता. आमच्याकडे शेवटचा वॉल्ट्झ आवडत्या माणसासाठी राखून ठेवतात, त्यावरून लोक महिनाभर चिडवतात. मी काही न विचारताच तो म्हणाला, "आमची मेपलच्या रसाची टाकी भरून वाहत असेल... जायला हवं." आणि गेला. मला त्याचं फक्त पहिलं नाव माहीत होतं. त्या नाचाचं तर तेवढंही नाही.

*

मी विनी हॅडलॉक. न्यू हॅम्पशरमधल्या ॲशबी फॉल्स गावात हार्डवेअरच्या दुकानात काम करते. खिळे, दोऱ्या, फावडी, मेपलच्या झाडाला लावायच्या नळ्या, सगळं आमच्याकडे मिळतं. आणि लहानपणापासून मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आमच्या टाउन हॉलमधला मायक्रोफोन. हवा होता म्हणजे हवाच होता.

तो होता ॲल्डन क्रॉस्बीकडे. माझ्या जन्माआधीपासून आमच्या हॉलमधले नाच ॲल्डनच पुकारत आले. आता त्यांचे गुडघे गेले होते, आणि आपल्या जागी कोण हे त्यांनीच ठरवायचं असं सगळ्यांनी मानलं होतं. त्या सोमवारी ते दुकानात बिजागरी घ्यायला आले आणि बिजागरीकडेच बघत म्हणाले, "एप्रिलचा नाच तू पुकार. पूर्ण. बघू कसं जमतंय."

माझ्या हातातली फूटपट्टी खाली पडली.

"पण माझ्या हॉलमध्ये जेंट्स आणि लेडीज म्हणायचं."

"लार्क आणि रॉबिन," मी म्हणाले.

"पोरी, मी पक्षीनिरीक्षणाचा वर्ग चालवत नाही."

"ॲल्डन, गेल्या वेळी अर्ध्या जेंट्सनी स्कर्ट घातले होते."

"मग लेडीज म्हटल्यावर सरकायचं कोणी ते त्यांना कळत होतं की नाही? कळत होतं!" ते जरा थांबले. मग आवाज उतरला. "रूथ असताना मी 'लेडीज' म्हटलं की ती मान ताठ करून हॉलमधल्या त्या खिडकीजवळून पुढे यायची. अजूनही तो शब्द म्हटला की मला ती निघालेली दिसते. तुझ्या रॉबिनमध्ये मला कोण दिसणार, सांग?"

रूथ म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी फूटपट्टी उचलून काउंटरवर ठेवली. पण मला वाईट वाटलं म्हणून माझं म्हणणं चूक ठरत नव्हतं ना! दोन्ही गोष्टी मनात घेऊन मी तशीच उभी राहिले. आणि मग मला डनमोरचा तो नाच आठवला.

"मला एक नाच पुकारू द्या," मी म्हणाले. "असा, की जो जेंट्स-लेडीज म्हणून पुकारताच येणार नाही. तो उभा राहिला तर पाखरं राहतील."

"आणि रांग मोडली तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

"तर मायक्रोफोन हार्लनकडे." हार्लन पलीकडच्या गावात पुकारायचा, अगदी ॲल्डनसारखाच, फक्त रटाळ. "आणि आणखी एक ऐक. तू फार बोलतेस. पुकारणाऱ्यानं दर फेरीला कमी कमी बोलायचं आणि मग गप्प व्हायचं. लोकांच्या पायांत नाच उतरला की आपलं काम संपलं. तू आपली शेवटपर्यंत उंटावरून शेळ्या हाकत असतेस."

"रांग मोडेल अशी भीती वाटते म्हणून बोलते."

"माहीत आहे मला." ते बिजागरी खिशात घालून निघाले. "नंतर नाचता येईना अंगण वाकडं म्हणू नकोस म्हणजे झालं."

*

अडचण एवढीच होती, की तो नाच मला पूर्ण आठवत नव्हता.

सुरुवात पक्की आठवत होती. समोरच्याभोवती पाठीला पाठ लावून फेरा, लांब रांगा पुढे आणि मागे, मग चौघांनी एकमेकांमधून वेणी घालत जायचं, आणि मग जोडीदाराबरोबर गिरकी. गिरकीनंतर लार्कचा रॉबिन झालेला असायचा. पण कसा? मी घरी खुर्च्या मांडून करून बघितलं, दर वेळी आपली जिथं होते तिथंच! काय व्हायचं ते त्या गिरकीतच व्हायचं, आणि गिरकीत मी... असो.

नाच ओळखायचा म्हणजे असाच ओळखतात, त्यात काय काय येतं त्यावरून. मी ओळखीच्या सगळ्या पुकारणाऱ्यांना फोन केले. एक म्हणाला, "वेणी आणि गिरकी? मग तो 'सोमवारची मांजर' असेल." पण सोमवारच्या मांजरीत लांब रांगाच नाहीत. दुसरी म्हणाली, "हा तर 'काकूंचा हरवलेला हातमोजा'!" हातमोज्यात वेणी आहे, रांगा आहेत, पण जागांची अदलाबदल नाही. आमच्या नाचांची नावं ही अशीच असतात, त्यांना काही धरबंध नाही. डनमोरला पुकारणाऱ्या पाहुण्या बाई लांबच्या दौऱ्यावर निघाल्या होत्या आणि फोन उचलायची त्यांना सवय नव्हती.

दिवस चालले होते. हट्टाला पेटलेली मी, पण नाच काही सापडत नव्हता.

आणि एका दुपारी काउंटरवर टकटक झाली. "नळीचे जोड आहेत का? पाऊण इंची?"

धुराचा आणि गोड वास. मी मान वर केली.

"टाकी वाहून गेली का रे त्या दिवशी?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "तू... इथं काम करतेस?"

"नाही, फावड्यांना कंपनी द्यायला येते." मी जोड काउंटरवर ठेवले, पण त्यावरचा हात काढला नाही. "हे देते, पण आधी एक सांग. तो नाच कुठला होता?"

"कुठला नाच?"

"रेमी!"

"हां, तो..." त्यानं मान खाजवली. "नीट नाही आठवत. असं उभ्या उभ्या नाही सांगता येणार. पायांनाच विचारावं लागेल." मग पाटीच्या रंगाचे डोळे काउंटरवरून हळूच वर आले. "मी रोज दुपारी काकाच्या शुगरहाउसवर रस उकळत असतो. टेकडीवरच्या रस्त्यानं शेवटचं घर. आलीस तर... दोघं मिळून आठवू."

"मी लार्क," मी म्हणाले.

"ते माहीत आहे मला."

*

शुगरहाउस म्हणजे मेपलच्या रसाचा पाक करायची, जंगलाच्या कडेची लाकडी खोप. आत लांबलचक कढई, तिच्याखाली धडधडणारा जाळ, आणि मेपलच्या रसाची वाफ इतकी, की समोरचं माणूस आधी आवाजावरून ओळखायचं. कॉन्ट्राला कमीत कमी चौघं लागतात. आम्ही दोघंच. म्हणून रेमीनं दोन पत्र्याच्या बादल्या आणून समोर ठेवल्या.

"ही लार्क, ही रॉबिन," तो म्हणाला. "रॉबिनला जरा पोचा आलाय, पण स्वभावानं चांगली आहे."

बादल्यांभोवती पाठीला पाठ, बादल्यांमधून वेणी. मी लार्कचं काय ते सांगायची, तो रॉबिनचं. मध्येच तो पळत जाऊन कढईतला फेस मोडून यायचा, पुन्हा हात पुढे करायचा. हाताला साखरेची चिकटी. आणि मग गिरकी.

"वजन दे ना," तो म्हणायचा. "सगळं स्वतःच कशाला सांभाळतेस?"

"सोडलंस तर?"

"नाही सोडणार."

मी रेलायची. तो सोडायचा नाही. खोप फिरायची, वाफ फिरायची... आणि गिरकी संपली की आम्ही चुकीच्या जागी.

"छे," रेमी म्हणायचा. "असं नव्हतं. उद्या येशील? उद्या नक्की आठवेल."

उद्या गेले. परवा गेले. त्यानं इथल्या रिवाजानं डोनट आणि आंबट लोणच्याची काकडी पुढे केली, बर्फावर गरम पाक ओतून दिला, त्याच्या मेमेरच्या, म्हणजे आजीच्या, फ्रेंच शिव्या शिकवल्या. दर वेळी गिरकीचा शेवट नवा आणि दर वेळी चुकीचा. मी चिडायची, पण घरी जाताना गाणं गुणगुणत जायची. माझं मलाच नवल वाटायचं.

असंच एकदा परतताना माझी गाडी चिखलात रुतली. चाकं नुसती फिरतायत, गाडी जागची हलत नाही. मी डोकं टेकून बसले. आणि बसल्या बसल्या डनमोरचा तो हॉल डोळ्यांपुढे आला. थोड्या वेळानं रॉबिन होशीलच, असं तो म्हणाला होता. पण तेव्हा... तेव्हा पुकारणाऱ्या बाईंनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!

नाच कुठला होणार हे पुकारणाऱ्याशिवाय कोणाला माहीत असतं? ज्यानं तो बसवला त्याला!

मी गाडी तिथंच सोडली आणि चिखल तुडवत टेकडी चढले. एक बूट वाटेत रुतला, तो हातात घेतला. दार ढकलून आत शिरले तेव्हा रेमी एकटाच उभा होता, बादल्यांच्या मध्ये.

"नाच तुझा आहे," मी म्हणाले.

त्याच्या हातातला झारा तसाच राहिला. कढई तेवढी खदखदत होती.

"तू बसवलायस. तुला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. आणि मी वेड्यासारखी बादल्यांशी नाचतेय!"

"हो," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस."

"रेमी, माझ्या हॉलचा प्रश्न आहे हा! मी ॲल्डनना शब्द दिलाय. तुला गंमत वाटली?"

"पहिल्या दिवशी वाटली. नंतर नाही." त्यानं हातातला झारा खाली ठेवला. "विनी, त्या दिवशी अर्धा हॉल चुकला होता. तुझ्या लक्षात नाही आलं?"

"मी कुठं बघत होते ते मला माहीत आहे," मी फटकन बोलून गेले. मग जीभ चावली.

त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "टाकीबिकी काही वाहत नव्हती," तो हळूच म्हणाला. "पहिलाच नाच होता माझा. लोक एकमेकांवर आदळत होते. लाज वाटली, म्हणून पळालो. आता तू तो तुझ्या मोठ्या दिवसाला पुकारणार, रांग मोडणार, आणि माझ्यामुळे तुझा मायक्रोफोन जाणार... दुसरा कुठलातरी पुकार ना. साधा. मी सांगतो तुला चांगले."

मी हातातला बूट खाली ठेवला आणि डावीकडे जाऊन उभी राहिले.

"दाखव," मी म्हणाले.

"विनी..."

"मी तोच पुकारणार. चांगला आहे तो. आणि चांगला नसता तरी आता तोच पुकारला असता. दाखव."

त्यानं दाखवलं. इतकं साधं होतं, की मला हसू आलं. गिरकी नेहमीच्या जागी सोडायचीच नाही. अर्धा वळसा जास्त घ्यायचा आणि एकमेकांच्या जागेवर उतरायचं. तेवढा जादा अर्धा वळसा धीर धरायचा, बस. मी आधीच सोडत होते, आणि तो मला सोडू देत होता.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"ठेवलं नाही. पडलेल्या नाचाला कोण नाव ठेवतं?" तो म्हणाला. "तू ठेव."

"शनिवारी नाचाला सांगते." मी बूट घातला. "आता चल, गाडी ढकल. राग गेलेला नाही माझा."

"दिसतंय," रेमी म्हणाला, आणि फावडं घेऊन माझ्यामागून निघाला.

*

शनिवारी आमचा हॉल भरून गेला. हार्लनसुद्धा आला होता, नवा टाय लावून. दाराशी बसणारी म्हातारी ओपल प्रत्येकाच्या बुटांना नावं ठेवत होती. ॲल्डन मंचाच्या कडेला खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसले.

मी लार्क आणि रॉबिन म्हणूनच सुरुवात केली. थोडी कुरकुर झाली, पण सोपे नाच चांगले गेले. मध्यंतरात डोनट संपले. आणि मग मी तो नाच जाहीर केला. दर फेरीला जागा बदलणार म्हटल्यावर ओपल उठली, थेट रेमीपाशी गेली आणि म्हणाली, "तू भक्कम दिसतोस. चल. पडले तर तुझ्यावर पडेन."

तालमीची फेरी संगीताशिवाय चालून झाली. एवढ्यातही चार जोड्या उलट्या झाल्या. पोस्टमास्तर ओरडले, "मी नक्की कोण आहे आता?" सगळे हसले, फक्त ॲल्डन सोडून.

व्हायोलिन सुरू झालं. पहिली फेरी कशीबशी गेली. दुसऱ्या फेरीत दाराकडचं टोक विस्कटायला लागलं. मी पटापटा बोलायला लागले. "रॉबिन आता लार्क... नाही, अजून नाही... सोडू नका, अर्धा वळसा, आता!" जेवढं जास्त सांगावं तेवढा गोंधळ वाढत होता. पोस्टमास्तर मुख्याध्यापिकेवर आदळले. माझी पाचावर धारण बसली. हार्लन टाय सारखा करत होता.

मी ॲल्डनकडे बघितलं. ते नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

आणि मग मला दिसलं. लोक व्हायोलिन ऐकत नव्हते, मला ऐकत होते. मी बोलणार, मग ते हलणार, तोवर सूर पुढे निघून गेलेला. खाली रेमी ओपलला घेऊन फिरत होता. गिरकीत जोडीदाराकडेच बघायचं असतं, पण गिरकी सुटल्यावर त्यानं क्षणभर वर बघितलं. वजन दे ना... सगळं स्वतःच कशाला सांभाळतेस?

मी मायक्रोफोन त्याच्या दांड्यावर अडकवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

देवा, ती शांतता! नुसती पावलं आणि व्हायोलिन. एक क्षण सगळा हॉल गांगरला. मग लांब रांगा पुढे आल्या, मागे गेल्या. वेणी गुंफली गेली, सुटली. गिरक्या सुरू झाल्या. मला किंचाळावंसं वाटत होतं, सोडू नका, सोडू नका! मी ओठ घट्ट मिटले. कोणीच सोडलं नाही. अर्धा वळसा जास्त, आणि अख्खा हॉल एकदम नव्या जागांवर उतरला. एकच दणका झाला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि कुणीतरी आनंदानं आरोळी ठोकली. ती ओपल होती.

त्यापुढे मी एक शब्दही बोलले नाही. माझे डोळे मात्र भरून वाहत होते, आणि ते पुसायला हातही पुढे आणवत नव्हता.

नाच संपला तसा चहूकडून गलका झाला. "कुठला होता हा? नाव काय?" आमच्याकडे चांगला नाच झाला की असं विचारतातच, आणि पुकारणाऱ्यानं नाव आणि कोणी बसवला ते सांगायचं असतं. मी मायक्रोफोन पुन्हा हातात घेतला. रेमी खाली उभा होता, घामेजलेला, हात लोंबते, लाल कान.

"नाच रेमी थिबोनं बसवलाय," मी म्हणाले. "नाव मी ठेवलंय. 'दोन लार्क'. एका हॉलमध्ये एक मुलगी एका मुलाला म्हणाली, ती माझी जागा आहे. त्यानं दिली. बिचाऱ्यानं भांडणसुद्धा केलं नाही..." मी आता मागे हटणार नव्हते. "त्या मुलीला ती जागा आता एकटीला नकोय. तो जवळ असेल तरच हवीय. एवढंच सांगायचं होतं."

सगळी डोकी रेमीकडे वळली.

"पोरी," ओपल ओरडली, "मायक्रोफोन चालू आहे!"

"माहीत आहे!" मी म्हणाले.

मग जो काही गोंगाट झाला, तो विचारू नका. त्या गोंगाटात ॲल्डन गुडघे सांभाळत उठले आणि मंचाच्या कडेला आले. मी वाकले.

"गप्प झालीस," ते म्हणाले.

"घाबरले होते."

"मीपण घाबरायचो. दर वेळी." ते खिडकीकडे बघत होते, रूथच्या जागेकडे. "मघाशी तू बोलायची थांबलीस तेव्हा दिसली मला ती. कुठल्याच शब्दाशिवाय." त्यांनी खिशातून रुमाल काढला, जोरात नाक शिंकरलं आणि मग नेहमीच्या खरखरीत आवाजात विचारलं, "पुढच्या महिन्यात हीच पाखरं, की आणखी कुठली आणणार आहेस?"

"हीच," मी म्हणाले. "दर महिन्याला."

"हं. हार्लनला टाय सोडायला सांगतो."

बँडनं शेवटचा वॉल्ट्झ धरला. वॉल्ट्झमध्ये पुकारायचं काहीच नसतं. मी मंचावरून उतरले. लोकांनी वाट करून दिली, कोपरखळ्या मारत, आणि रेमी समोर आला. त्यानं हात पुढे केला. मीही केला.

"तू लार्क," तो म्हणाला. "मी रॉबिन."

"नाही. आज मी रॉबिन."

"विनी, मला खरंच चालेल..."

"मलाही चालेल. हट्ट करू नकोस."

"मी हट्ट करतोय?"

शेजारून ओपल गेली. तिनं ॲल्डनना खुर्चीपासून ओढून आणलं होतं आणि लार्क तीच होती. "नंतर भांडा," ती म्हणाली. "आयुष्य पडलंय. आधी नाचा."

मग आम्ही नाचलो. धुराचा आणि मेपलच्या पाकाचा वास, खांद्यावर चिकट हात, आणि माझं सगळं वजन मी दिलेलं. त्या वॉल्ट्झमध्ये कोण लार्क होतं आणि कोण रॉबिन, हे लोक मला अजून विचारतात. मला खरंच सांगता येत नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते.